कर्ज फेडायचंय, पण घरखर्चाला कात्री कुठून लावायची?

दोन_पाखरं_एक_पिल्लू

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज मुलगा झोपल्यावर बसलेय लिहायला.

आम्ही तिघं: मी, नवरा आणि पाच वर्षांचा मुलगा. दोघंही नोकरी करतो. कर्जं चार आहेत. घराचं, एक वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि मोठ्या नणंदेकडून घेतलेले हातउसने. पगाराचा जवळजवळ निम्मा भाग हप्त्यांतच जातो. कार्डावर दर महिन्याला 'किमान देय रक्कम' न चुकता भरतो, तरी दोन वर्षांत आकडा होता तिथेच आहे, कारण महिनाअखेरीला तेच कार्ड पुन्हा पाकिटातून बाहेर निघतं.

गेल्या महिन्यात नवऱ्याने यादी काढली आणि सरसकट काट मारत गेला. बाहेर खाणं बंद, फिरणं बंद, नवे कपडे बंद, मुलाचा पोहण्याचा क्लास बंद. तीन आठवडे निभावलं. चौथ्या आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून कार्डावर नको ती खरेदी केली. महिना संपल्यावर हिशोब केला तर तीन आठवडे वाचवलेले पैसे गेले कुठे तेच कळेना. खात्यातही नव्हते आणि कर्जातही भरले नव्हते.

कात्री कुठून लावायची, आधी कुठलं कर्ज फेडायचं, आणि मुलाचा क्लास खरंच बंद करायचा का, एवढंच विचारायचं आहे. मनापासून सांगा.

रातराणी

वाचतेय. आमचीही अगदी हीच गत आहे, म्हणून उत्तरांची वाट बघतेय.

टाचणी

ताई, आधी प्रत्येक कर्जाचा व्याजदर इथे लिहा. रक्कम नाही सांगितली तरी चालेल. दर कळल्याशिवाय कुणीही काहीही सांगितलं तरी ते हवेतलं होईल.

दोन_पाखरं_एक_पिल्लू

घराचं ९ टक्के, अजून वीस वर्षांतली पहिली तीनच झालीत. वैयक्तिक कर्ज १२ टक्के, तीन वर्षांचं, नुकतंच सुरू झालंय. कार्डाचा दर आज पहिल्यांदा शोधला. महिना ३ टक्के. नणंदेच्या पैशांवर व्याज नाही.

अंकगणित

महिना ३ म्हणजे वर्षाला ३६ नाही. व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं. आता किमान रकमेचं गणित बघा, हे मी माझ्या धाकट्या भावाला कागदावर करून दाखवलं होतं.

समजा थकबाकी १०० आहे आणि किमान रक्कम थकबाकीच्या ५ टक्के. व्याज लागून १०३ होतात, तुम्ही ५.१५ भरता, उरतात ९७.८५. पुढच्या महिन्यात थकबाकी किंचित कमी, म्हणून किमान रक्कमही किंचित कमी. एकही नवी खरेदी केली नाही तरी थकबाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात, आणि दहावा हिस्सा उरायला जवळजवळ ९ वर्षं.

आता एकच बदल करा. बिलावर किमान रक्कम कितीही कमी होत गेली तरी तुम्ही दर महिन्याला पहिल्या महिन्याइतकेच, म्हणजे ५.१५ भरत राहा. अख्खी थकबाकी ३० महिन्यांत शून्य होते. पहिल्या महिन्यापेक्षा एक पैसाही जास्त न भरता! भावाला हे पटेना, त्याने तीनदा गणित करून पाहिलं.

आणि पूर्ण बिल भरलं जात नसेल तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत सहसा मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू. म्हणून कार्ड आजपासून बंद. पहिलं काम हेच.

रातराणी

हे ३० महिन्यांचं मी नवऱ्याला आत्ता उठवून दाखवलं.

जुनी_सायकल

ताई, माझं वय बासष्ट, तेव्हा थोडं हक्काने सांगतो. ते वैयक्तिक कर्ज १२ टक्के 'फ्लॅट' आहे की घटत्या शिल्लकेवर, हे कागदावर बघा. मी स्वतः फसलोय म्हणून विचारतोय.

फ्लॅटमध्ये तिन्ही वर्षं मूळ रकमेवरच व्याज लावतात. १०० वर ३६ व्याज, एकूण १३६, भागिले ३६ हप्ते. पण मुद्दल तर तुम्ही दर महिन्याला परत करताय! शेवटच्या वर्षी तुमच्याकडे त्यातले निम्म्याहूनही कमी वापरायला आहेत आणि व्याज मात्र पूर्ण १०० वर चाललंय. घटत्या शिल्लकेच्या हिशोबाने हा दर २१ टक्क्यांच्या आसपास जातो. मला माझ्या कर्जाच्या वेळी हे कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. हप्ता झेपतोय ना, एवढंच पाहिलं.

दोन_पाखरं_एक_पिल्लू

काका, आत्ता फाईल काढून बघितली. फ्लॅट आहे. पोटात गोळा आलाय.

जुनी_सायकल

घाबरू नका. आज कळलं हे बरं झालं. मुदतीआधी बंद करायचं तर नक्की किती भरावे लागतील आणि त्यावर दंड किती, हे लेखी मागून घ्या. तोंडी सांगितलेला आकडा धरू नका.

उंबरठा

अंकगणितदादांचं गणित बरोबर आहे, पण माणूस गणितावर चालत नाही. आमची पाच देणी होती. आम्ही व्याजदर न बघता सगळ्यात लहान देणं आधी संपवलं, कारण रोज त्याच्या वसुलीचा फोन यायचा. तो फोन ज्या दिवशी बंद झाला त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी सलग झोपले. मग त्याचा हप्ता दुसऱ्याला जोडला, दुसरं संपल्यावर दोन्हीचे मिळून तिसऱ्याला. लहानापासून सुरुवात करा ताई. घरात एक तरी देणं संपलेलं दिसायला हवं.

अंकगणित

उंबरठाताई, तुमच्या झोपेला माझा विरोध नाही. पण यांच्याकडे लहान देणं कुठलं? हातउसने, आणि त्यावर व्याज शून्य. ते आधी फेडलं तर तेवढे महिने कार्डावर ३ टक्के चालूच. ही झोप फार महाग पडेल.

मधला_मार्ग

तुम्हा दोघांच्याही बाजूने अभ्यास झालेले आहेत. 'जर्नल ऑफ मार्केटिंग रिसर्च' या नियतकालिकात २०११ मध्ये अमर, एरिएली आणि सहकाऱ्यांनी प्रयोगांतून दाखवलं की हातात पैसे आले की लोक छोटी खाती बंद करायच्या मागे लागतात आणि जास्त व्याजाचं मोठं कर्ज वाढत राहतं. तिथेच २०१२ मध्ये गॅल आणि मॅकशेन यांनी कर्जमुक्तीच्या योजनेतल्या प्रत्यक्ष कर्जदारांची माहिती तपासली. ज्यांची खाती एकेक करून बंद होत गेली, ते पूर्ण कर्जमुक्त होण्याची शक्यता जास्त निघाली. म्हणजे जास्त व्याजाचं आधी फेडलं तर पैसा वाचतो आणि लहान आधी फेडलं तर माणूस टिकतो.

माझं मत विचाराल तर दरात किरकोळ फरक असेल तेव्हा लहान आधी. फरक ४२ आणि ९ चा असेल तेव्हा कार्ड आधी. इथे शंकाच नाही.

भिंतीवरचं_घड्याळ

कुणाला बोचेल, पण बोलतो. कर्ज काढतानाच विचार करायला हवा होता. अंथरूण पाहून पाय पसरले असते तर हा धागाच निघाला नसता.

दोन_पाखरं_एक_पिल्लू

दादा, कार्डाची निम्म्याहून जास्त थकबाकी सासऱ्यांच्या आजारपणातली आहे. तेव्हा अंथरूण मोजत बसलो नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी मोजणार नाही. उरलेली मात्र आमचीच चूक आहे, ती कबूल.

टाचणी

घड्याळदादा, पैशाच्या ओढाताणीत डोकंच नीट चालत नाही, हे मोजलेलं आहे. २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये मणी, मुल्लईनाथन, शफीर आणि झाओ यांचा अभ्यास आला होता. तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांची तोडणीआधी हात आखडलेला असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर अशी दोनदा बौद्धिक चाचणी घेतली. तीच माणसं, पण आधीची कामगिरी कमी. तेव्हा यांनी चौथ्या आठवड्यात भांडून खरेदी केली यात नवल काही नाही. त्यांना शिस्त कमी आहे असं मी तरी म्हणणार नाही.

भिंतीवरचं_घड्याळ

आजारपणाचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो, ताई. माफ करा.

पानगळ

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते मूळ लेखातलं एक वाक्य, आणि त्यावर अजून कुणी बोललेलं नाही. "वाचवलेले पैसे गेले कुठे तेच कळेना."

आम्ही दोन वर्षं काटकसर केली आणि कर्ज तसूभर हललं नाही. कारण एकच. वाचलेला पैसा ज्या खात्यातून घरखर्च चालतो त्याच खात्यात पडून राहायचा. सोमवारी बाहेरचं खाणं टाळलं, बुधवारी त्याच पैशातून दुसरंच काहीतरी आलं. पैसा खात्यात दिसला की तो खर्चाचाच वाटतो.

मग बायकोने एक रीत सुरू केली. खर्च टाळला की त्याच मिनिटाला, उभ्या उभ्या, तेवढी रक्कम मोबाईलवरून कर्जखात्यात भरायची. रक्कम कितीही किरकोळ असो. रिक्षाऐवजी चालत आलो, घरात पाऊल टाकलं, चपला काढायच्या आधी रिक्षाचे पैसे कर्जात. सुरुवातीला मला पोरखेळ वाटला. पहिल्या महिन्याच्या अखेरीला बेरीज केली तेव्हा ती आमच्या हप्त्याच्या पाव पट निघाली. नंतर मीच तिला आठवण करून द्यायला लागलो.

खर्च कमी करणं आणि कर्ज फेडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत ताई. पहिली केली की दुसरी आपोआप होत नाही.

दोन_पाखरं_एक_पिल्लू

पानगळदादा, हे वाचून मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच राहिलो. आमचं नेमकं हेच झालंय.

सांजवात

रिक्षाचे पैसे ठीक आहेत हो, पण मोठ्या खर्चाला हात लावल्याशिवाय काही होत नाही. आम्ही गाडी विकली. तिचा हप्ता, विमा, इंधन, दुरुस्ती, पार्किंग, पाच खर्च एका फटक्यात गेले. रोजच्या पन्नास गोष्टींवर मन मारण्यापेक्षा एकदाच मोठा निर्णय घ्या आणि मोकळे व्हा. पहिले दोन महिने बसस्टॉपवर उभं राहताना डोळ्यांत पाणी यायचं माझ्या. पण नंतर संध्याकाळी घरात पैशावरून बोलणंच थांबलं.

पानगळ

सांजवातताई, मान्य. पण मोठं विकायला सगळ्यांकडे काही असतंच असं नाही.

जुनी_सायकल

एक सांगायचं राहिलं. सगळे पैसे कर्जात ओतू नका. निदान एका महिन्याचा घरखर्च बाजूला ठेवा.

अंकगणित

काका, इथे मतभेद. बचत खात्यावर मिळणार अगदी थोडे टक्के आणि कार्डावर लागणार ४२ च्या वर. बाजूला ठेवलेला प्रत्येक पैसा तोट्यात.

जुनी_सायकल

तोट्यात आहे खरं. पण उद्या फ्रिज बंद पडला तर ताई काय करतील? कार्ड काढतील. मग चार महिन्यांच्या कष्टावर पाणी, आणि मन खचतं ते वेगळंच. या तोट्याला मी विम्याचा हप्ता म्हणतो. आणि हो, ज्याच्या पगारावर हप्ते चाललेत त्याचा साधा मुदतीचा आयुर्विमा काटकसरीत बंद करू नका. माझ्या मित्राने केला होता. त्याच्या बायकोने पुढे जे भोगलं ते मी जवळून पाहिलंय.

अंकगणित

कार्ड काढतील, हा मुद्दा माझ्या गणितात नव्हता. बरोबर आहे काका. एक महिन्याचा ठेवावा.

चौकटीची_वही

थोडं अवांतर, पण पैशाचंच. हिशोब कुठे लिहिता तुम्ही सगळे? मी तीन ॲप वापरून सोडली. आता साधी चौकटीची वही आणि पेन्सिल. जपानमध्ये 'काकेइबो' नावाची घरखर्चाची वही असते. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये ती काढली आणि तिथली कितीतरी घरं आजही तशी वही हातानेच लिहितात.

रातराणी

ॲप बरं की. आपोआप लिहिलं जातं.

चौकटीची_वही

आपोआप लिहिलं जातं, तिथेच गोची आहे. हाताने आकडा लिहिताना तो थोडा टोचतो. टोचायलाच हवा.

मधला_मार्ग

टोचण्यावरून आठवलं. एमआयटीमधल्या प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. सामन्याच्या तिकिटांवर विद्यार्थ्यांना बोली लावायला सांगितली. निम्म्यांना रोख द्यायचे होते, निम्म्यांना कार्डावर. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट गेली. तिकिटं तीच.

सांजवात

म्हणून आमच्या घरी आठवड्याचा खर्च पाकिटात रोख. शुक्रवारी पाकीट हलवून बघायचं. वाजलं तर नाणी आहेत, म्हणजे शनिवार अजून जिवंत आहे :)

उंबरठा

मुलाच्या क्लासवर कुणीच बोललं नाही! ताई, तो बंद करू नका. आमची लेक तेव्हा सहा वर्षांची होती. आम्ही तिच्यासमोर रोज पैशावरून बोलायचो. एकदा दुकानात नव्या बुटांवर हात ठेवून तिने मला हळूच विचारलं, "आई, हे घेतले तर बाबा चिडतील का?" तिचा जुन्या बुटातला अंगठा पुढे टेकला होता आणि ती महिनाभर बोलली नव्हती. मी तिथे दुकानातच खाली बसले. काटकसर मुलांना कळू दे, भीती कळू देऊ नका.

सांजवात

यावर माझं थोडं वेगळं मत. क्लास चालू ठेवा, पण मुलाला सामील करून घ्या. मुलांना कामाचा भाग मिळाला की त्यांना भीती वाटत नाही, उलट हुरूप येतो. आमचा मुलगा दिवे बंद करत घरभर फिरायचा.

चौकटीची_वही

त्यासाठी माझ्याकडे उपाय आहे. वहीत शंभर चौकोन आखा. एक चौकोन म्हणजे कार्डाच्या थकबाकीचा शंभरावा हिस्सा. जेवढं फिटलं तेवढे चौकोन मुलाने रंगवायचे. रक्कम त्याला सांगायची गरजच नाही.

रातराणी

किती छान! मी आजच आखते.

टाचणी

नणंदेच्या पैशांचं राहिलंच. व्याज नाही म्हणून ते शेवटी, हे गणितात ठीक. पण तुम्ही त्यांच्याशी बोललात का? गप्प राहिलं की देणारा मनात काहीही धरतो. माझ्या घरात अशाच हातउसन्यापायी दोन भावांचं बोलणं सहा वर्षं बंद होतं.

दोन_पाखरं_एक_पिल्लू

नाही बोललो. खरं सांगायचं तर वर्षभर त्यांचा फोन आला की मी नवऱ्याकडे देते. उद्या मीच करते.

अंकगणित

घराच्या कर्जाचं एवढंच लक्षात ठेवा. वीस वर्षांच्या ९ टक्के कर्जात पहिल्या हप्त्यातल्या ९०० पैकी ७५० व्याजाचे असतात आणि मुद्दल निम्मं व्हायला १४ वर्षं लागतात. म्हणून कार्ड आणि वैयक्तिक कर्ज संपलं की मग इकडे वळा. पहिल्या वर्षापासून वर्षाला एक हप्ता जादा भरला तर वीस वर्षांतली साधारण साडेतीन वर्षं कमी होतात; तुम्ही उशिरा सुरू कराल म्हणून त्याहून कमी, पण फायदा आहेच. मात्र जादा भरताना 'हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा' असं लेखी द्या.

दोन_पाखरं_एक_पिल्लू

चार महिन्यांनी धागा वर काढतेय. तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, काय झालं ते सांगायलाच हवं.

कार्ड लखोट्यात घालून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलंय. एकच महिना अडचणीचा गेला, पण ते खाली काढलं नाही. त्या महिन्यात खरंच फ्रिज बिघडला. काका, बाजूला ठेवलेल्या पैशातून दुरुस्त केला, आणि तो दुरुस्ती करणारा गेल्यावर आम्ही दोघं उगाचच हसत बसलो होतो.

कार्डावर पहिल्या महिन्याची किमान रक्कम तशीच ठेवली आणि जवळजवळ तेवढीच आणखी वरून भरतोय. ती वरची रक्कम पानगळदादांच्या रीतीने येते. खर्च टाळला की लगेच मोबाईल. नवऱ्याने तर परवा केशकर्तनाचे पैसे भरले, केस मी कापले. नीट कापले गेले नाहीत, पण पैसे भरले गेले.

यादी नव्याने केली, या वेळी दोघांनी मिळून. प्रत्येकाने एक गोष्ट राखायची, तिला कुणी हात लावायचा नाही. त्याने महिन्यातून एकदा मित्रांकडे जाणं राखलं, मी माझं वाचनालय, आणि मुलाने पोहणं. बाकी सगळ्यावर बोलता आलं. गाडी नव्हतीच, पण वापरात नसलेली चार सदस्यत्वं आणि एक जिम निघाली.

नणंदताईंना फोन केला. त्या आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "पैशाचं राहू दे गं, तू वर्षभर माझ्याशी बोलली नाहीस." मी फोनवर रडले. आता दर महिन्याच्या एक तारखेला त्यांना ठरलेली छोटी रक्कम जाते. त्यांनी मागितली नव्हती.

चौकटीच्या वहीत तीस चौकोन रंगलेत. मुलगा दर महिन्याला नवा रंग घेतो. काल विचारत होता की उरलेल्यांना आकाशी पुरेल का.

अंकगणित

चार महिन्यांत तीस म्हणजे तुम्ही बरोब्बर दुप्पट भरताय. याच वेगाने गेलात तर बारा महिन्यांत कार्ड संपतं. अजून आठ.

उंबरठा

आकाशी पुरणार नाही. दुसरी पेटी आणा, आणि तिचे पैसे मात्र कर्जातून वळते करू नका :)

रातराणी

आमचे अकरा चौकोन झाले. नवरा म्हणतो, रंगवायचं काम त्याचं.